हवालदाराचा माग : मराठी विनोदी शोधकथेच्या इतिहासातील एक प्रश्न

१९७५ या एकाच वर्षी दोन विनोदी चित्रपट पडद्यावर आले. एक हिंदी : नरेश कुमार दिग्दर्शित 'दो जासूस'. राज कपूर आणि राजेंद्र कुमार या दोन नटांनी आपल्या उतरत्या काळात त्यात धांदरट खाजगी गुप्तहेरांची जोडी रंगवली. दुसरा मराठी : 'पांडू हवालदार'. दादा कोंडके यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, आणि त्यातला नायक सरकारी गणवेशातला पोलीस. दोन्हींचा विनोद ढोबळमानाने एकाच जातीचा, म्हणजे आदळआपटीचा, धावपळीचा आणि गैरसमजांचा आहे. दोन्हींत ज्याने गुन्ह्याचा छडा लावायचा तोच पावलोपावली अडखळतो. तरीही एकाचा नायक फी घेऊन शोध करणारा खाजगी माणूस आहे आणि दुसऱ्याचा नायक पगारी शिपाईगडी. हा फरक वरवरचा वाटतो, आणि म्हणूनच बहुधा मराठी समीक्षेने त्याच्याकडे वळून पाहिले नाही. दादा कोंडके यांच्याविषयी आपण जे काही लिहिले ते बहुतांशी द्वयर्थी संवादांच्या श्लीलाश्लीलतेविषयी लिहिले. त्यांच्या कथांची बांधणी कोणत्या परंपरेतून आली, तिथे कोण काय शोधतो आणि ते कोणाला आधीच ठाऊक असते, हे प्रश्न बाजूलाच राहिले.

मला हा प्रश्न ग्रंथालयात पडला नाही. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला वसंत सबनीस यांचा 'छपरी पलंगाचा वग' शिकवताना तो पडला. रहस्यकथा आणि प्रहसन यांतील भेद समजावून सांगताना मी म्हटले होते की या वगात चोरी होते, पण रहस्य नाही. कारण चोर कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून दिसत असते. त्यावर केज तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने सहज विचारले की त्यात वेगळे ते काय. गावात चोर कोण हे सगळ्यांनाच माहीत असते, अडते ते फिर्याद कोणी द्यायची इथे. वर्ग हसला. मीही हसलो. पण टोडोरोव्हच्या आधारे मी फळ्यावर काढलेली आकृती त्या एका वाक्याने निकामी केली होती.

त्स्वेतान टोडोरोव्ह याने १९६६ साली गुप्तहेरकथेच्या प्रकारांची जी मांडणी केली ती आपल्याकडे आता परिचित आहे. शुद्ध रहस्यकथेत दोन कथा असतात. एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली, पण अनुपस्थित. दुसरी समोर घडणारी, पण पहिलीला हुडकून काढण्यापलीकडे स्वतःचे महत्त्व नसलेली. गुप्तहेर हा या दोहोंमधला दुवा. या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे, ते असे की पहिली कथा कोणालाच ठाऊक नसते. ती गुन्हेगाराच्या मनात कोंडलेली असते, आणि पुरेसा बुद्धिमान माणूस भेटेपर्यंत समाज अंधारात असतो. हे गृहीत अनोळखी माणसांनी भरलेल्या महानगराचे आहे. लंडन आणि पॅरिस यांच्या धुक्यात खाजगी गुप्तहेर जन्मला तो काही अपघाताने नव्हे. शेजारच्या खोलीत कोण राहते हे माहीत नसणाऱ्या समाजालाच पैसे देऊन माहिती विकत घ्यावी लागते.

मराठीत असा गुप्तहेर नव्हता असे नाही. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड ही त्यांची माणसे दोन पिढ्यांच्या वाचकांच्या घरात नांदली. १९९६ साली अर्नाळकर गेले तेव्हा पांढरपेशा समीक्षेला आपल्या मौनाची थोडी लाज वाटली असावी, असे त्या वेळच्या मृत्युलेखांवरून वाटते. पण या प्रचंड प्रपंचाची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अर्नाळकरांचा नायक गंभीर आहे. तो चपळ, धाडसी, नीटनेटका आणि बहुधा अजिंक्य आहे. ज्या पात्राची इतक्या मोठ्या वाचकवर्गाला इतकी ओळख असते त्याचे विडंबन आपोआप निर्माण व्हावे अशी अपेक्षा असते. इंग्रजीत तसे झाले, फ्रेंचमध्ये झाले. ब्लेक एडवर्ड्सच्या 'द पिंक पँथर'मध्ये १९६३ साली पीटर सेलर्सने उभा केलेला क्लूसो तर मूळ पात्रांइतकाच अजरामर ठरला (तो खाजगी नाही, पोलीस निरीक्षकच आहे, पण त्याची ऐट पाहावी तर शेरलॉक होम्सच्या वरची). मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांनी मात्र धनंजयाला आपटवून त्याच्यावर लोकांना हसवले नाही. त्यांनी हसण्यासाठी हवालदार निवडला. १९६५ च्या सुमाराचा वग, १९७५ चा चित्रपट, आणि त्यालाच मुजरा करत २०२१ साली विजू माने यांनी दिग्दर्शित केलेला 'पांडू' : अर्धशतकाहून अधिक काळ ही निवड टिकून आहे.

ती का टिकली हे पाहण्यासाठी वगाकडेच परत जावे लागते. 'छपरी पलंगाचा वग' रंगभूमीवर 'विच्छा माझी पुरी करा' या नावाने आला आणि त्यातल्या हवालदाराने दादा कोंडके यांना महाराष्ट्रभर नेले. कथानक थोडक्यात असे. कोतवालाच्या जागी आपला माणूस बसावा अशी प्रधानाची इच्छा आहे. म्हणून तो मैनावती या नाचणारणीकरवी कोतवालाला जाळ्यात ओढतो. मैनावतीची 'विच्छा' अशी की राजाचा छपरी पलंग तिला हवा. कोतवाल तो चोरतो. म्हणजे नगराच्या रखवालीची जबाबदारी ज्याच्यावर, तोच चोर. फिर्यादी राजा, गुन्ह्याचा सूत्रधार प्रधान, गुन्हेगार पोलीसप्रमुख. आणि या सगळ्यांच्या मधोमध सर्व काही पाहणारा, काहीच न समजल्यासारखे दाखवणारा हवालदार.

टोडोरोव्हच्या भाषेत सांगायचे तर इथे पहिली कथा अनुपस्थित नाही. ती रंगमंचावर, ढोलकीच्या साथीने घडते. अनुपस्थित आहे ती दुसरी, म्हणजे तपासाची कथा. ज्याने तपास करायचा त्याला तो करणे परवडणारे नाही, आणि ज्याला सारे कळले आहे त्याला बोलण्याचा अधिकार नाही. प्रेक्षकाला मिळणारा आनंद उलगड्याचा नसतो. उलगडलेले असूनही ते उच्चारले कसे जाणार, की जाणारच नाही, ही ती उत्सुकता. हवालदाराचा धांदरटपणा या दृष्टीने पाहिला तर तो बुद्धीचा अभाव राहत नाही. ते त्याच्या नोकरीचे चिलखत आहे. वरिष्ठासमोर कळत असूनही न कळल्याचे सोंग वठवणे ही कनिष्ठाची युक्ती सोंगाड्याने फार पूर्वीच हस्तगत केलेली होती. सबनीसांनी तिला गणवेश दिला.

या मांडणीच्या मागे गावगाड्याचा एक जुना व्यवहार आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय हवालदाराची विनोदी परंपरा अर्धीच कळते. मराठीत 'तपास' या शब्दाआधी 'माग' होता. चोरी झाली की गावाच्या रखवालदाराने पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला आणि पुढच्या गावाच्या हद्दीत शिरला, की तो त्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. तिथून पुढे शोधाची आणि भरपाईची जबाबदारी त्या गावाची. माग जिथे थांबेल त्या गावाने नुकसान भरून द्यायचे. पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जो अहवाल लिहिला त्यात ही पद्धत बारकाईने वर्णिलेली आहे. तो मुलूख निजामाच्या हद्दीबाहेरचा, हे खरे. पण शिवेच्या अलीकडला आणि पलीकडला गावगाडा काही वेगवेगळ्या सुतारांनी घडवलेला नव्हता.

या व्यवहाराच्या दोन बाजू साहित्याच्या अभ्यासकाने नजरेआड करू नयेत. पहिली अशी, की इथे शोध हे एकट्या प्रतिभावंताचे काम नाही. ती गावाची सामुदायिक जबाबदारी आहे. सत्य एका शिवेवरून दुसऱ्या शिवेवर हातोहात जाते. दुसरी बाजू अधिक कडवट आहे. माग काढणारा माणूस गावगाड्यात अगदी खालच्या पायरीवर होता. कुठे रामोशी, कुठे भिल्ल, मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी महार. वेशीवर रात्र काढणारा येसकर आणि गावभर फिरणारा जागल्या यांना कोण कधी आला, कोण कधी गेला, कोणाचे पाऊल कसे पडते याचे ज्ञान असे. गावातले सर्वांत सूक्ष्म ज्ञान आणि सर्वांत हीन स्थान एकाच माणसाच्या वाट्याला आलेले. आणि चोर सापडला नाही तर? आपल्या ऐपतीप्रमाणे भरपाई त्यानेच करायची, आणि पहिला संशयही त्याच्यावरच. शोध घेणारा आणि संशयित यांच्यातली रेषा इथे मुळातच पुसट होती. सबनीसांच्या कोतवालाने ती उलट्या दिशेने पुसली आहे. गावगाड्यात खालचा शोधकर्ता संशयित ठरे. वगात वरचा शोधकर्ता खराच चोर निघतो. विडंबनाची धार या उलटापालटीत आहे.

बीड जिल्ह्यात 'कोतवाल' या शब्दाला आणखी एक इतिहास चिकटलेला आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथले पोलीसखाते म्हणजे कोतवाली, ठाण्याचा अधिकारी म्हणजे अमीन, जिल्ह्याचा वरिष्ठ म्हणजे मोहतमीम. खुद्द हैदराबाद शहराचा कोतवाल हा राज्यातल्या बड्या असामींपैकी एक. ठाण्यातली आणि कचेरीतली भाषा उर्दू. फिर्याद देणाऱ्याला आपलीच फिर्याद वाचता येत नसे अशी ती अवस्था. संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि कोतवाल हा शब्द घसरत घसरत तलाठ्याच्या हाताखालच्या, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या गावकामगारापाशी येऊन थांबला. दवंडी देणारा, नोटिसा पोचवणारा, साहेब आले की खुर्ची झटकणारा तो कोतवाल. १९६५ नंतर ज्या प्रेक्षकांनी रंगमंचावर राजाचा पलंग चोरणारा कोतवाल पाहिला त्यांच्या मनात हे दोन्ही कोतवाल एकदम हजर असणार, भीती वाटावी असा एक आणि कीव यावी असा दुसरा. पुणेरी किंवा मुंबईकर प्रेक्षकाला जो शब्द केवळ ऐतिहासिक पोशाख वाटला तो इथे जिवंत आठवणीचा भाग होता. वगाची तीच ओळ वेगवेगळ्या मुलखांत वेगळी ऐकू येते ती अशी.

जाता जाता एक शब्दाचे गमतीशीर भाग्य. 'जासूस' हा आपल्याला आज हिंदी चित्रपटाचा शब्द वाटतो. पण पेशवेकालीन कागदांत 'जासूद' जागोजाग भेटतो. तो हेर तर असेच, पण मुख्यतः पत्रे पोचवणारा धावता माणूस असे, आणि बरेचदा तो एकटा नसे. पत्रे 'जासूदजोडी'बरोबर रवाना होत. 'दो जासूस' हे नाव ठेवणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण नाना फडणिसांच्या कारकुनाला ते शीर्षक अजिबात विनोदी वाटले नसते.

आता 'पांडू हवालदार'. दादा कोंडके हे गिरणगावातले, सेवादलाच्या कलापथकातून आलेले कलावंत. 'सोंगाड्या' (१९७१) या सबनीसांच्याच पटकथेवरच्या चित्रपटाने त्यांना नायक केले. 'पांडू हवालदार'मध्ये ते वगातल्या हवालदाराला राजाच्या नगरातून उचलून मुंबईच्या रस्त्यावर आणतात. हे स्थलांतर वाटते तितके सोपे नव्हते. वगात राजा, प्रधान, कोतवाल अशी सत्तेची संपूर्ण उतरंड दिसते आणि हवालदार तिच्या पायथ्याशी असतो. चित्रपटात ती उतरंड नजरेआड जाते आणि उरतो तो एकटा गणवेश. त्याच्या समोर उषा चव्हाण यांची केळेवाली आहे, बरोबरीला अशोक सराफ यांचा दुसरा हवालदार आहे. फेरीवाली आणि हवालदार हे मुंबईच्या फुटपाथवरचे जुने वैरी. पण दोघेही एकाच थराचे. दोघांचे बोलणे एका बाजाचे, दोघांचे गाव मागे कुठेतरी राहिलेले. ज्याने हटकायचे तो आणि जिला हटकायचे ती यांच्यात फरक काय तो कपड्यांचा.

आंरी बर्गसाँने १९०० साली हास्याविषयी लिहिताना सजीवावर चढलेल्या यांत्रिकतेला विनोदाचे मूळ म्हटले होते. गणवेश ही अशा यांत्रिकतेची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी निशाणी. पांडूचे शरीर त्या गणवेशात मावत नाही. कायदा त्याला ताठ उभा करतो आणि त्याची ग्रामीण लय त्याला पुन्हा सैल करते. इथेच तो क्लूसोपासून आणि 'दो जासूस'च्या जोडीपासून वेगळा होतो. खाजगी गुप्तहेर विनोदी ठरतो तो त्याने स्वतःच्या बुद्धीविषयी बाळगलेल्या भ्रमामुळे. हॅट, भिंग, लांब कोट ही त्या भ्रमाची सामग्री. पांडूला असा भ्रम नाही. त्याला बुद्धिमान व्हायचेच नाही. नोकरी टिकवायची आहे. त्याच्या चुका अहंकाराच्या नाहीत, अधिकाराच्या आहेत. 'स्लॅपस्टिक' या शब्दाचा मूळ अर्थ इटालियन विदूषकाच्या हातातली दोन फळ्यांची काठी. लागत कमी आणि वाजत जास्त. आपल्याकडच्या हवालदाराच्या हातात खरी काठी असते, ती वाजत कमी आणि लागत जास्त. तिला विदूषकाची काठी करून दाखवणे हे दादा कोंडके यांच्या हवालदाराचे खरे कर्तृत्व. मुंबईच्या बोलीत पोलीस शिपायासाठी जो 'पांडू' हा शब्द फिरतो त्याला चेहरा मिळाला तो या चित्रपटातून. आणीबाणी लागू झाली तीही १९७५ सालीच. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह मी टाळतो. चित्रपट राजकीय नाही. पण सरकारी काठीविषयी लोकांनी सामुदायिकपणे हसण्याची जागा त्या काळात फार नव्हती, एवढे नोंदवायला हरकत नाही.

ही जागा मराठवाड्यात बहुधा तंबूची होती. फिरता सिनेमा हा आपल्या चित्रपट-इतिहासाचा अजूनही नीट न लिहिलेला अध्याय आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटाने त्याचा अस्तकाळ टिपला, तोवर आपण त्याची दखल घेतली नव्हती. जत्रेच्या दिवसांत ट्रक येई, कनाती लागत, रात्री उशिरापर्यंत खेळ चालत, आणि प्रेक्षक जमिनीवर बसून चित्रपट पाहत. त्याच जत्रेत पलीकडच्या कनातीत तमाशाचा फड असे. म्हणजे वगातला हवालदार आणि पडद्यावरचा हवालदार यांच्यात अंतर होते ते दोन कापडांचे. या जत्रांच्या बंदोबस्ताला खरा हवालदारही हजर असे, आणि बहुधा फुकट आत बसलेला असे. तो हसत असेल का, हा प्रश्न प्रतिसादलक्ष्यी समीक्षेने विचारायला हवा होता. माझ्या आठवणीतल्या अशा एका खेळात तो सर्वांत मोठ्याने हसत होता.

इथवर आल्यावर कोणी म्हणेल की सत्य गावाला ठाऊकच असते आणि लोक व्यवस्थेवर हसून मोकळे होतात, हे चित्र फार लोभस झाले. ते तसे झाले आहे खरे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन या चित्राच्या विरोधात उभे आहे, आणि ते बीडला लागून असलेल्या लातूरच्या मातीतून आलेले आहे. तिथे पोलीस धांदरट नाही. त्याला शोधण्याची गरजच नाही. चोरी कुठेही होवो, तो ठरलेल्या वस्तीवर येतो, ठरलेल्या दारावर काठी आपटतो. टोडोरोव्हची आकृती इथे आणखी एका रीतीने मोडते. गुन्हेगार आधी निश्चित असतो आणि त्याला साजेसा गुन्हा नंतर शोधला जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ही पद्धत कायदेशीर केली. १९५२ मध्ये तो कायदा गेला; दारावर येण्याची सवय गेली नाही. ज्या समूहांना एकेकाळी माग काढणारे म्हणून नेमले त्यांतलेच काही समूह वसाहतकाळात जन्मजात चोर ठरवले गेले, हा तर या इतिहासातला सर्वांत क्रूर विनोद. तंबूत बसून पांडूवर हसणाऱ्याला हसणे शक्य होते, कारण त्या रात्री हवालदार त्याच्या दारावर यायचा नव्हता. वस्तीवरच्या माणसाला ती हमी नव्हती. 'सर्वांना माहीत असते' या वाक्यातले 'सर्व' कोण, हे म्हणूनच प्रत्येक वेळी तपासून घ्यावे लागते. गावाला जे 'माहीत' असते त्यात गावाचा पूर्वग्रहही असतो.

आणि फिर्यादीचा प्रश्न तर आजही मिटलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, विशेष पथक नेमले गेले, बीडमध्ये आणि बाहेरही मोर्चे निघाले. विनोदी चित्रपटावरच्या लेखात ही घटना आणणे औचित्याला सोडून आहे याची मला जाणीव आहे. पण 'तपास' हा शब्द त्या महिन्यांत जिल्ह्यातल्या प्रत्येक पारावर उच्चारला जात होता, आणि माझा वर्ग त्याच महिन्यांत 'छपरी पलंगाचा वग' वाचत होता. मी वर जे विद्यार्थ्याचे बोलणे सांगितले ते त्या वर्षीचे आहे. त्याच्या बोलण्यावर वर्ग हसला तेही त्याच वर्षी.

आता माझ्या प्रतिपादनावरचे दोन आक्षेप. पहिला अर्थकारणाचा. खाजगी गुप्तहेराचा संसार पडद्यावर महाग पडतो. त्याला कचेरी लागते, मोटार लागते, हॉटेल आणि तिथला नाच लागतो. हे सारे हिंदी चित्रपट देतच होता, आणि मराठी निर्मात्याच्या खिशात ते बसणारे नव्हते. हवालदाराला एक गणवेश आणि एक रस्ता पुरतो. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पण स्वस्त पर्याय अनेक असताना नेमका हाच का रुजला, याचे उत्तर अर्थकारण देत नाही. दुसरा आक्षेप देशीवादाच्या बाजूने येण्याजोगा आहे, किंबहुना तो आक्षेप नसून नको तितका पाठिंबा आहे : म्हणजे हवालदार अस्सल मराठी आणि गुप्तहेर परका. असे मी म्हणत नाही. 'छपरी पलंगाचा वग' हा सुशिक्षित नागर लेखकाने लोकनाट्याच्या चौकटीत जाणीवपूर्वक लिहिलेला मजकूर आहे. 'हवालदार' आणि 'कोतवाल' हे दोन्ही शब्द फारसीतून आले. आणि उलट दिशेची उदाहरणेही आहेत. २००५ चा 'कायद्याचं बोला' हा चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित चित्रपट 'माय कझिन व्हिनी' (१९९२) या अमेरिकन चित्रपटावर बेतलेला. मूळचा न्यूयॉर्कच्या हेलाने बोलणारा नवखा वकील इथे मकरंद अनासपुरे यांच्या मराठवाडी बोलीत उतरला, आणि त्याला आडनाव मिळाले कुंथलगिरीकर. कुंथलगिरी म्हणजे बीड जिल्ह्याच्या हद्दीलगतचे, पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेले जैन तीर्थक्षेत्र. परका साचा इथे इतका घट्ट बसला याचे कारण बोली. प्रमाण मराठीत चाललेल्या न्यायालयात ही बोली बोलणारा माणूस आधी हास्यास्पद ठरतो आणि मग हळूहळू लक्षात येते की साक्षीदाराला बोलते करणारा नेमका हाच आहे. खाजगी गुप्तहेराच्या सर्वांत जवळ मराठी विनोदी चित्रपट पोचला तो इथे. पण इथेही नायक पैसे घेऊन गुपित विकत नाही. सर्वांसमोर, न्यायालयात, जे बोलले गेले नव्हते ते बोलवून घेतो.

खाजगी गुप्तहेर या व्यवसायाला आपल्या कायद्यातही अद्याप स्वतंत्र घर नाही. त्याचे नियमन करणारे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, कायदा झाला नाही. मुंबई-पुण्यात कचेऱ्या आहेत. बहुतेक काम लग्नाआधीच्या आणि लग्नानंतरच्या संशयांचे. त्या विषयावर मराठीत चांगले प्रहसन अजून यायचे आहे.

या सगळ्या विवेचनात मला सारखा आठवत राहिला तो बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४). धांदरट गुप्तहेरावरचा हा बहुधा सर्वांत सुंदर चित्रपट. त्याचा नायक गुप्तहेर नाहीच. तो चित्रपटगृहात यंत्र चालवणारा, आणि वेळ पडेल तेव्हा झाडू मारणारा नोकर आहे. गुप्तहेर कसे व्हावे हे तो पुस्तकातून शिकतो आहे. प्रेयसीच्या वडिलांचे घड्याळ चोरीला जाते, हा मोठ्या ऐटीत सर्वांची झडती सुरू करतो, आणि गहाणवटीची चिठ्ठी निघते ती याच्याच खिशातून. खऱ्या चोराने ती तिथे सरकवलेली. शोध घेणारा संशयित ठरतो. आपल्या येसकराला हा प्रसंग मुळीच नवा वाटला नसता. घराबाहेर काढला गेलेला नायक यंत्रापाशी परततो, झोपी जातो आणि स्वप्नात पडद्यात शिरून जगातला थोर गुप्तहेर बनतो. तो झोपलेला असताना इकडे त्याची प्रेयसी एक साधी गोष्ट करते. ती गहाणवटीच्या दुकानात जाते आणि घड्याळ कोणी आणून दिले, तो दिसायला कसा होता, असे विचारते. तपास तिथेच संपतो.

मराठी प्रहसनात असे विचारायला कोणी गेलेले नाही. मैनावतीला पहिल्या प्रवेशापासून सारे ठाऊक आहे, कारण पलंग तिनेच मागितला. केळेवाली दिवसभर रस्त्यावर बसलेली, कोण कुठे जातो ते पाहणारी. पण हवालदाराच्या वहीत दोघींपैकी एकीचीही जबानी नाही.